गाडीचा पत्रा: ॲल्युमिनियम की स्टील? एका घनमुळाची गोष्ट

मटेरियल्समध्ये पीएच.डी. करायची म्हणून मुलाखतीला जाणाऱ्या कुणालाही मी एक प्रश्न तयार करून जायला सांगतो. प्रश्न साधा आहे: हल्ली बऱ्याच गाड्यांचं बॉनेट ॲल्युमिनियमचं का असतं?

दहापैकी नऊ जण सांगतात, "ॲल्युमिनियम हलकं असतं म्हणून." उत्तर चूक नाही. पण समोरचा परीक्षक मुरलेला असेल तर तो पुढचा प्रश्न टाकतो: "स्टीलचा यंग्ज मॉड्युलस २१० गिगापास्कल, ॲल्युमिनियमचा ७०. म्हणजे ॲल्युमिनियम तीनपट हलकं, पण ताठपणातही तीनपट कमी. मग फायदा कुठे झाला?"

इथे बरेच जण अडकतात. हा लेख त्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरू होतो. त्याचं उत्तर शोधता शोधता आपण प्रेस शॉप, पेंटची भट्टी, डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आणि शेवटी कोळशाच्या वीज केंद्रापर्यंत जाणार आहोत. वाटेत संशोधनाचे चार-पाच खरे प्रश्नही दिसतील. विषय निवडायच्या टप्प्यावर असाल तर ते वहीत उतरवून घ्या.

आधी "पत्रा" म्हणजे काय ते ठरवू

आपल्याकडे गाडी बघायला गेलं की कुणीतरी दारावर टिचकी मारतं आणि निकाल देतं: "पत्रा पातळ आहे, डबडं आहे." किंवा उलट: "जुन्या गाड्यांचा पत्रा बघा, रणगाडा!" या बोलण्यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते.

गाडीचा एक असतो सांगाडा. पिलर, सिल, छताच्या कडेच्या पट्ट्या, पुढचे-मागचे रेल, फ्लोअर. अपघातात प्रवाशांभोवतीची जागा शाबूत ठेवायचं काम या सांगाड्याचं. दुसरं असतं बाहेरचं कातडं: बॉनेट, फेंडर, दारांचे बाहेरचे पत्रे, डिकीचं झाकण, छत. टिचकी आपण या कातड्यावर मारतो. हा पत्रा साधारण ०.७ मिलिमीटर जाडीचा असतो आणि अपघाताच्या हिशोबात त्याचा वाटा थोडा असतो. बी-पिलरमध्ये मात्र हल्ली गरम अवस्थेत प्रेस केलेलं बोरॉन स्टील वापरतात. त्याची ताकद १५०० मेगापास्कलच्या घरात जाते, तर बॉनेटच्या साध्या स्टीलची यील्ड स्ट्रेंग्थ २०० मेगापास्कलच्या आसपास असते.

म्हणून टिचकीवरून सुरक्षितता ठरत नाही. ती क्रॅश टेस्टमध्ये ठरते, आणि भारतात २०२३ पासून त्यासाठी भारत एनकॅप आहे. हे बाजूला ठेवून आता कातड्याकडे वळू, कारण "ॲल्युमिनियम की स्टील" हा वाद मुख्यतः तिथला आहे.

घनमुळाचं गणित

कातड्याकडून आपली पहिली अपेक्षा काय? हाताने दाबलं तर ते आत जाऊ नये, वाऱ्याने थरथरू नये, बॉनेट बंद करताना लपलपू नये. म्हणजे हवा तो ताठपणा, आणि तोसुद्धा वाकण्याविरुद्धचा.

एखादी सळई दोन टोकांनी ओढली तर तिचा ताठपणा मॉड्युलस गुणिले छेदाचं क्षेत्रफळ इतका असतो. अशा सळईसाठी कमीत कमी वजनाचा पदार्थ निवडायचा तर मॉड्युलस भागिले घनता हे गुणोत्तर बघायचं. स्टीलसाठी २१० भागिले ७.८५, म्हणजे २६.८. ॲल्युमिनियमसाठी ७० भागिले २.७, म्हणजे २५.९. जवळपास सारखंच! परीक्षकाचा मुद्दा इथवर बरोबर आहे. सळईत ॲल्युमिनियमला काहीच फायदा नाही.

पण पत्रा वाकतो. वाकण्याविरुद्धचा ताठपणा मॉड्युलस गुणिले जाडीचा घन या प्रमाणात वाढतो. खेळ बदलतो तो या घनामुळे. मॉड्युलस तीनपट कमी असेल तर जाडी तिप्पट करावी लागत नाही. ती ३ च्या घनमुळाइतकी, म्हणजे १.४४ पट केली की पुरते. स्टीलचा पत्रा ०.७ मिलिमीटरचा असेल, तर ॲल्युमिनियमचा साधारण १ मिलिमीटरचा.

आता वजन काढू. एक चौरस मीटर पत्रा घ्या. स्टील: ७८५० गुणिले ०.०००७, म्हणजे ५.५ किलो. ॲल्युमिनियम: २७०० गुणिले ०.००१०१, म्हणजे २.७ किलो. ताठपणा तितकाच आणि वजन निम्मं.

केंब्रिजचे मायकेल ॲशबी यांनी अशा विचाराला एक पद्धतशीर रूप दिलं. त्याला मटेरियल इंडेक्स म्हणतात. ओढल्या जाणाऱ्या सळईसाठी मॉड्युलस भागिले घनता, वाकणाऱ्या तुळईसाठी मॉड्युलसचं वर्गमूळ भागिले घनता आणि वाकणाऱ्या पत्र्यासाठी मॉड्युलसचं घनमूळ भागिले घनता. पत्र्यासाठी आकडे असे येतात: स्टील ०.७६, ॲल्युमिनियम १.५३, मॅग्नेशियम २.०४.

यातून संशोधनासाठी घ्यायचा पहिला धडा: "हा पदार्थ चांगला" या वाक्याला एकट्याने अर्थ नसतो. भाराचा प्रकार कोणता, आकार कोणता, काय स्थिर धरलंय आणि काय कमी करायचंय हे सांगितल्याशिवाय तुलना सुरूच होत नाही. कुठलाही पेपर वाचताना हे चार प्रश्न आधी विचारा.

स्टीलवाले गप्प बसले नाहीत

नव्वदच्या दशकात ॲल्युमिनियमची चाहूल लागल्यावर जगभरातल्या ३५ पोलाद कंपन्यांनी एकत्र येऊन अल्ट्रालाइट स्टील ऑटो बॉडी नावाचा प्रकल्प हाती घेतला. डिझाइनचं काम पोर्शेच्या अभियांत्रिकी शाखेकडे होतं. १९९८ मध्ये त्यांनी २०३ किलोचा सांगाडा दाखवला. तुलनेला घेतलेल्या गाड्यांच्या सरासरीपेक्षा तो सुमारे २५ टक्के हलका होता, आणि सगळा स्टीलचा.

हे जमलं ते जास्त ताकदीच्या स्टीलमुळे. ताकद वाढली की तोच भार पातळ भाग पेलू शकतो. पण एक मेख आहे. स्टीलची ताकद २०० वरून १५०० मेगापास्कलवर नेता येते, मॉड्युलस मात्र २१० च्या आसपासच राहतो. ताकद ठरते डिसलोकेशन किती सहज सरकतात त्यावर, आणि ते आपण उष्णतेने, मिश्रणाने, कणांच्या आकाराने बदलू शकतो. मॉड्युलस ठरतो अणूंमधल्या बंधांवर. चिमूटभर कार्बन किंवा मँगनीज घालून ते बंध फारसे बदलत नाहीत.

म्हणून जिथे ताकद महत्त्वाची, म्हणजे पिलर आणि रेलमध्ये, तिथे स्टीलने ॲल्युमिनियमला चांगलं तोंड दिलं. जिथे ताठपणा महत्त्वाचा, म्हणजे बॉनेटमध्ये, तिथे स्टील कितीही तगडं केलं तरी एका मर्यादेपलीकडे पातळ करता येत नाही. पातळ केलं की पत्रा दाबल्यावर "टप्प" आवाज करून आत जातो आणि सोडल्यावर बाहेर येतो. तेलाच्या डब्याचा तळ दाबल्यावर होतं तसं.

बॉनेट ॲल्युमिनियमचं आणि पिलर स्टीलचा, अशी वाटणी आज इतक्या गाड्यांत दिसते, त्यामागे हे कारण आहे.

पोचा आणि पेंटची भट्टी

दुसरी अपेक्षा: पार्किंगमध्ये शेजारच्याचं दार लागलं तर पोचा पडू नये. पोचा म्हणजे कायमची विकृती, म्हणून इथे यील्ड स्ट्रेंग्थ येते. ढोबळमानाने पोचा-विरोध यील्ड स्ट्रेंग्थ गुणिले जाडीचा वर्ग या प्रमाणात धरतात.

प्रेसमध्ये घालताना पत्रा मऊ हवा, नाहीतर तो फाटतो. गाडीवर बसल्यावर मात्र तो कडक हवा. या दोन्ही मागण्या एकदम कशा पुऱ्या करायच्या? उत्तर पेंट शॉपमध्ये आहे. रंग पक्का करायला बॉडी साधारण १७० ते १८५ अंश सेल्सियसच्या भट्टीतून २०-३० मिनिटं जाते. या फुकटच्या उष्णतेचा दोन्ही धातू वेगवेगळ्या तऱ्हेने फायदा घेतात.

बेक हार्डनिंग स्टीलमध्ये थोडासा कार्बन मुद्दाम विरघळलेल्या अवस्थेत ठेवलेला असतो. प्रेसमध्ये पत्रा ताणला की नवी डिसलोकेशन तयार होतात. भट्टीत हे कार्बनचे अणू सरकत जाऊन त्यांच्याभोवती गोळा होतात आणि त्यांना जखडून टाकतात.

बाहेरच्या पत्र्यासाठी वापरतात ते ६००० मालिकेचं ॲल्युमिनियम मॅग्नेशियम आणि सिलिकॉनचं मिश्रण असतं. भट्टीत या दोघांचे नॅनोमीटर आकाराचे प्रेसिपिटेट बाहेर पडतात आणि डिसलोकेशनची वाट अडवतात.

आकडे घालून बघू. स्टील भट्टीनंतर २६० मेगापास्कल आणि ०.७ मिलिमीटर धरलं, तर निर्देशांक येतो १२७. ॲल्युमिनियम भट्टीनंतर २०० आणि १ मिलिमीटर धरलं, तर येतो २००. तेच ॲल्युमिनियम भट्टीत न घालता १२० मेगापास्कलवर राहिलं तर फक्त १२०, म्हणजे स्टीलच्या थोडं खालीच. थोडक्यात, ॲल्युमिनियमच्या बॉनेटला पोच्यापासून वाचवणारी अर्धी लढाई रंगाच्या भट्टीत लढली जाते.

आता यातली गंमत, आणि संशोधनाचा पहिला खरा प्रश्न. हे ॲल्युमिनियम खोलीच्या तापमानाला नुसतं पडून राहिलं तरी बदलतं. मॅग्नेशियम आणि सिलिकॉनचे अणू हळूहळू छोटे पुंजके करतात. याला नॅचरल एजिंग म्हणतात. १९०६ मध्ये आल्फ्रेड विल्म यांना जर्मनीत ॲल्युमिनियम-तांब्याच्या मिश्रणात आपोआप कडक होण्याचा हा गुण सापडला. पुढे त्यातून ड्युराल्युमिन आणि विमानं उभी राहिली. तिथे हा गुण वरदान ठरला, पण गाडीच्या पत्र्यात तो डोकेदुखी आहे. कारण हे पुंजके आधीच तयार झाले की भट्टीत हवे ते प्रेसिपिटेट नीट बनत नाहीत. पत्रा प्रेसमध्ये जायच्या आधीच थोडा कडक होतो आणि भट्टीत हवा तितका कडक होत नाही. म्हणजे दोन्हीकडून तोटा.

उपाय म्हणून गिरणीत पत्रा सुमारे ५५० अंशांवरून झटकन थंड केल्यावर लगेच ८० ते १०० अंशांवर काही तास ठेवतात. याला प्री-एजिंग म्हणतात. त्यामुळे पत्र्याला सहसा सहा महिन्यांची वापर-मुदत देता येते. होय, औषधासारखी पत्र्यालाही मुदत असते!

पेपरात "रूम टेम्परेचर" असं लिहिलेलं असतं तेव्हा ती खोली कुठली, हे विचारायला शिका. विदर्भात मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतात, आणि पत्र्याच्या छपराखालचं गोदाम त्याहून तापतं. अणूंच्या सरकण्याचा वेग तापमानाबरोबर झपाट्याने वाढतो. मग मुदतीचा हिशोब बदलेल का, आणि किती? त्यात आता ऊर्जा वाचवण्यासाठी भट्टीचं तापमान खाली आणायचा प्रयत्न चालू आहे. कमी तापमानातही पुरेसं कडक होणारं मिश्रण कसं असावं? डीएससी यंत्र, हार्डनेस टेस्टर आणि चिकाटी एवढ्यावर एम.एस्सी.चा चांगला प्रकल्प इथे उभा राहतो.

प्रेस शॉपमध्ये ॲल्युमिनियम रुसतं

कागदावर निम्मं वजन मिळालं. आता तो पत्रा वाकवायचा आहे.

चांगल्या स्टीलचा पत्रा ४० टक्क्यांहून जास्त ताणतो, ६००० मालिकेचा ॲल्युमिनियम पत्रा साधारण २५ टक्के. शिवाय खोल ओढताना पत्रा जाडीत बारीक होतो की रुंदीत आकसतो, हे सांगणारा आर-व्हॅल्यू नावाचा आकडा असतो. स्टीलसाठी तो पावणेदोन-दोनच्या आसपास जातो, ॲल्युमिनियमसाठी ०.६ ते ०.८ राहतो. म्हणजे ॲल्युमिनियम जाडीतच बारीक होत जातं आणि फाटतं. म्हणून डिझायनरला धारदार रेघा आणि खोल कोपरे जपून द्यावे लागतात.

दुसरी अडचण स्प्रिंगबॅकची. वाकवून सोडलं की पत्रा थोडा परत उघडतो. हे परत उघडणं यील्ड स्ट्रेंग्थच्या सम प्रमाणात आणि मॉड्युलस व जाडीच्या व्यस्त प्रमाणात असतं. ताकद आणि जाडी सारखी धरली तर ॲल्युमिनियम तिप्पट उघडेल. प्रत्यक्षात त्याचा पत्रा जाड आणि मऊ असल्याने फरक कमी होतो, पण उरतोच. म्हणून डाय मुद्दाम जास्त वाकवून बनवावी लागते. किती जास्त, हे सिम्युलेशनने आधीच अचूक सांगणं आजही सोपं नाही. भार काढतानाचा मॉड्युलस मूळ मॉड्युलसपेक्षा थोडा कमी भरतो, ही यातली एक ज्ञात खोच आहे.

मग प्रश्न येतो ५००० मालिकेचा. हे मॅग्नेशियमचं मिश्रण जास्त ताणतं, मग बाहेर तेच का नाही वापरत? कारण ताणताना त्याच्या पृष्ठभागावर रेषा उमटतात आणि त्या रंगाखालूनही दिसतात. म्हणून ते आतल्या पत्र्यांत जातं, जिथे कुणी बघत नाही.

एक बारकी पण खर्चिक गोष्ट: पत्र्यांच्या चळतीतून एकेक पत्रा सुटा करायला अनेक जुन्या प्रेस लाइन चुंबक वापरतात. ॲल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही. म्हणजे तिथे व्हॅक्यूम कप बसवा. पदार्थ बदलला की यंत्रं बदलतात, आणि यंत्रं बदलली की पैशांचा हिशोब बदलतो. पेपरात हे सहसा नसतं.

जोडायचं कसं?

स्टीलच्या गाडीत हजारो स्पॉट वेल्ड असतात. दोन पत्रे चिमटीत धरून करंट सोडला की जोड तयार. ॲल्युमिनियम विजेचं आणि उष्णतेचं उत्तम वाहक असल्याने त्याला स्टीलच्या दोन-तीनपट करंट लागतो. वर ऑक्साइडचा थर असतो. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि हा थर दोन हजार अंशांच्याही वर! इलेक्ट्रोडची टोकं लवकर खराब होतात. म्हणून सेल्फ-पियर्सिंग रिव्हेट आणि चिकटद्रव्य यांची जोडी पुढे आली. २००३ ची जॅग्वार एक्सजे अशाच रिव्हेट आणि चिकटद्रव्याने जोडलेली ॲल्युमिनियमची गाडी होती.

खरी कसोटी लागते ती ॲल्युमिनियम स्टीलला जोडताना. एकत्र वितळवले तर मध्ये लोह-ॲल्युमिनियमचे ठिसूळ संयुग तयार होतात. रिव्हेट मारले तर ओलाव्यात दोन धातूंचा छोटा सेल बनतो आणि ॲल्युमिनियम झिजतं. जुन्या लँड रोव्हरच्या मालकांना हे चांगलं माहीत आहे. १९४८ च्या पहिल्या लँड रोव्हरचं अंग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं होतं, कारण महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये स्टीलची टंचाई होती. पत्रा गंजला नाही, पण तो जिथे स्टीलला टेकला होता तिथे पांढरी भुकटी होऊन झिजत गेला. आपल्या कोकण किनाऱ्यावरची खारी दमट हवा ही अशा सेलसाठी आयती सोय आहे.

आता एक छोटं गणित, कारण हे मला फार आवडतं. स्टीलच्या सांगाड्यावर ॲल्युमिनियमचं छत बसवलं आणि बॉडी भट्टीत गेली. ॲल्युमिनियम दर अंशाला दशलक्षात सुमारे २३.५ भाग प्रसरण पावतं, स्टील १२. फरक ११.५. छत दीड मीटर लांब, तापमान २५ वरून १८०, म्हणजे १५५ अंशांची वाढ. गुणाकार केला की २.७ मिलिमीटर येतात. छत सांगाड्यापेक्षा पावणेतीन मिलिमीटर लांब व्हायला बघतं आणि कडेला तर जखडलेलं असतं. मग ते फुगतं, आणि नेमकं त्याच वेळी चिकटद्रव्य पक्कं होत असतं. गाडी थंड झाल्यावर जोडात ताण अडकून राहतो. लवचिक चिकटद्रव्य, वेगळा क्रम, कमी तापमानाची भट्टी असे उपाय आहेत. पण चिकटद्रव्याचं पक्कं होणं आणि धातूचं प्रसरण यांचं एकत्रित मॉडेल करणं हा अजून जिवंत विषय आहे.

गॅरेजमधली बाजू

ॲल्युमिनियमचा पोचा काढणं वेगळं कौशल्य आहे. ते तापल्यावर स्टीलसारखा रंग बदलत नाही, त्यामुळे अंदाज चुकला तर थेट भोक पडतं. ठोकता ठोकता ते कडक होत जातं आणि तडकतं. स्टीलवर वापरलेली ग्राइंडिंग डिस्क यावर वापरली तर लोखंडाचे कण रुततात आणि तिथून झीज सुरू होते. म्हणून वेगळी हत्यारं, शक्यतो वेगळी जागा. कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये हे सगळं नसतं, आणि मग दुरुस्तीऐवजी अख्खा पत्रा बदलायचं बिल येतं. हलकेपणाची किंमत अशी मालकाच्या खिशातूनही जाते.

आता कोळशाकडे

हलक्या मटेरियलवरच्या बहुतेक पेपरांच्या प्रस्तावनेत एक वाक्य असतं: वजन १० टक्के कमी केलं की इंधन ६ ते ८ टक्के वाचतं. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाचा हा आकडा सगळे एकमेकांच्या पेपरातून उचलतात. आकडा निराधार नाही, पण तो फक्त गाडी चालतानाचा आहे. धातू बनवताना काय खर्ची पडलं ते त्यात नाही.

ॲल्युमिनियम विजेने बनतं. १८८६ मध्ये हॉल आणि एरू यांनी स्वतंत्रपणे शोधलेली पद्धत आजही तीच आहे, आणि एका किलोला साधारण १३ ते १५ युनिट वीज लागते. वीज जलविद्युत असेल तर एक किलो ॲल्युमिनियममागे ४ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड. कोळशाची असेल तर १६ किंवा जास्त. स्टीलसाठी भट्टीच्या मार्गाने सुमारे २.२ किलो.

समजा १०० किलो स्टीलच्या पत्र्यांऐवजी ५५ किलो ॲल्युमिनियमचे पत्रे लावले. नेमकं निम्मं धरलं नाही, कारण जोड आणि कडा यांत थोडं वजन परत येतंच. वाचले ४५ किलो. १०० किलो कमी झाले की दर १०० किलोमीटरला सुमारे ०.३ लिटर पेट्रोल वाचतं असं धरू. ४५ किलोला ०.१३५ लिटर. एका लिटरमागे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे दर १०० किलोमीटरला ०.३१ किलो बचत.

आता धातूचा खर्च. स्टील: १०० गुणिले २.२, म्हणजे २२० किलो. ॲल्युमिनियम कोळशाच्या विजेवर: ५५ गुणिले १६, म्हणजे ८८० किलो. जास्तीचे ६६० किलो. ते भरून काढायला गाडी किती चालावी लागेल? सुमारे २ लाख १३ हजार किलोमीटर. बऱ्याच खासगी गाड्या आयुष्यात इतक्या चालत नाहीत.

तेच जलविद्युतवर केलं तर ५५ गुणिले ४, म्हणजे २२० किलो. स्टीलइतकंच! पहिल्या किलोमीटरपासून फायदा. आणि भंगार मिसळून सरासरी ८ किलोवर आणलं तर सुमारे ७१ हजार किलोमीटरवर हिशोब फिटतो.

पत्रा तोच, गाडी तीच, मिश्रधातूही तोच. उत्तर बदललं ते वीज कुठून आली यावर. आपल्या देशातली ॲल्युमिनियमची वीज मुख्यतः कोळशाची आहे, त्यामुळे परदेशी पेपरातला निष्कर्ष इथे जसाच्या तसा चिकटवता येत नाही. इलेक्ट्रिक गाडीत हिशोब आणखी बदलतो: ब्रेक लावताना ऊर्जा परत मिळते म्हणून वजनाचा थेट फायदा घटतो, पण हलक्या गाडीला लहान बॅटरी पुरते आणि त्यातून वेगळी बचत होते.

जुनं ॲल्युमिनियम वितळवायला नव्याच्या सुमारे ५ टक्केच ऊर्जा लागते. मग सगळं भंगारातूनच का नाही? कारण भंगारात स्टीलचे रिव्हेट आणि स्क्रू येतात. ॲल्युमिनियममध्ये शिरलेलं लोह सहज काढता येत नाही. ते ठिसूळ सुया बनवतं आणि पत्रा हेमिंगच्या वेळी, म्हणजे कड दुमडताना, तडकतो. त्यामुळे मिश्र भंगार आजवर इंजिनाच्या ओतकामात जात आलं. इलेक्ट्रिक गाड्या वाढल्या आणि इंजिनं कमी झाली की हे भंगार कुठे जाणार? जास्त लोह सहन करणारा पत्रा बनवता येईल का? माझ्या मते या पूर्ण विषयातला हा सर्वांत मोलाचा प्रश्न आहे, कारण वरचं ७१ हजार किलोमीटरचं गणित त्यावरच टेकलेलं आहे.

मग जिंकलं कोण?

१९९० ची होंडा एनएसएक्स आणि १९९४ ची ऑडी ए-८ यांनी ॲल्युमिनियमचा पूर्ण सांगाडा करून दाखवला. २०१२ च्या रेंज रोव्हरने तेच मोठ्या गाडीत केलं. तोवर ती कंपनी टाटा मोटर्सकडे आली होती. २०१५ च्या फोर्ड एफ-१५० या पिकअपने ॲल्युमिनियम खऱ्या अर्थाने मोठ्या संख्येत नेलं आणि ३१५ किलोपर्यंत वजन कमी केलं. तिची खालची फ्रेम मात्र स्टीलचीच राहिली. तिच्या पत्र्याच्या पुरवठादारांपैकी एक होती नोव्हेलिस. मुंबईत मुख्यालय असलेल्या हिंडाल्कोने ती २००७ मध्येच विकत घेतली होती. प्रेसमधली कात्रणं वेगळी ठेवून थेट गिरणीत परत पाठवायची पद्धतही तिथे बसवली गेली.

दुसरीकडे २०१७ च्या ऑडी ए-८ मध्ये गरम प्रेस केलेल्या स्टीलचा वाटा लक्षणीय झाला. टेस्लाने मॉडेल एस मुख्यतः ॲल्युमिनियमची केली, तर स्वस्त मॉडेल ३ मध्ये स्टील आणि ॲल्युमिनियमचं मिश्रण घेतलं. दोन्ही बाजू एकमेकींच्या जवळ आल्या. ज्या भागाला जे लागेल ते द्यायचं, आणि मग त्यांना जोडायचं कसं यावर डोकं लावायचं.

तुमच्यासाठी गृहपाठ

संशोधन प्रस्तावात "ॲल्युमिनियम हलके असल्याने" असं लिहायची वेळ आली तर तिथे थांबा आणि आधी तीन ओळी लिहा: कोणता भाग, कोणता भार आणि हिशोबाची हद्द कुठवर. हद्द प्रयोगशाळेच्या दारापर्यंत आहे, गाडीच्या आयुष्यापर्यंत आहे की खाण ते भंगार अशी आहे?

सराव म्हणून हे करून बघा. वरचंच १०० किलोचं गणित मॅग्नेशियमसाठी करा. मॉड्युलस ४५ गिगापास्कल आणि घनता १.७४ धरा. सारख्या ताठपणासाठी जाडी किती लागेल आणि वजन किती उरेल ते काढा. आकडा मोहात पाडणारा येईल. मग विचार करा की तरीही रस्त्यावर मॅग्नेशियमच्या बाहेरच्या पत्र्याच्या गाड्या जवळजवळ का दिसत नाहीत. प्रेस, जोड, गंज, भट्टी आणि वीज या पाच दारांतून ते उत्तर शोधा. कोणत्या दाराशी अडकलात ते लिहून ठेवा, कारण तुमचा विषय बहुधा तिथेच असेल.